कोकम आगळ विकायला वेबसाइट केली, माझा अनुभव

आमचा कुडाळजवळ छोटासा घरगुती धंदा आहे, कोकम आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि सीझनला काजू. माल सासूबाई बघतात, हिशोब आणि पार्सलं माझ्याकडे. आजवर सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, चाकरमानी मे महिन्यात येऊन घेऊन जायचे आणि मग वर्षभर फोन करून मागवायचे. वेबसाइटचं खूळ डोक्यात शिरलं ते "आगळ आणि सरबत एकच ना?" ह्या प्रश्नामुळे. नाही हो एकच! आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, साखरेचा कणही नाही, सोलकढीला वापरायचा. लोक तेच पाण्यात घालून पितात आणि मग खारट लागतं म्हणून फोन करतात. म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू आणि लिंक पाठवत जाऊ.

मी बीकॉम, कोडिंगचा आणि माझा काही संबंध नाही. वेबसाइट करून देणाऱ्या एकाला विचारलं तर त्याचा आकडा ऐकून नवरा म्हणाला एवढ्यात बाटल्यांना झाकणं बसवायची मशीन येईल. मग यूट्यूब लावून स्वतःच बसले, रात्री जेवणं आटपल्यावर.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, डॉट इन घेतलं. देवनागरीतलं डॉट भारतसुद्धा मिळतं, २०१४ पासून आहे ते, पण आमची गिऱ्हाइकं मोबाइलवर रोमनमध्येच टाइप करतात त्यामुळे विचार सोडला. फक्त एक बघा, पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरात असतो आणि रिन्यूअलचा बारीक अक्षरात, घ्यायच्या आधी तो दुसरा वाचा. डोमेन एकीकडे आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) दुसरीकडे घेतलं होतं, त्यामुळे डोमेनच्या सेटिंगमध्ये जाऊन होस्टिंगवाल्यांचे दोन नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठे ठेवलीय ते सांगणारे पत्ते, टाकावे लागले. ते टाकल्यावर मोबाइल डेटावर साइट दिसायला लागली आणि घरच्या वायफायवर मात्र डोमेनवाल्यांचंच जाहिरातीचं पान. काही बिघडलेलं नसतं, जुना पत्ता मध्ये कुठेतरी साठवून ठेवलेला असतो तो सुटायला वेळ लागतो, २४ ते ४८ तास धरून चाला आणि तोवर कशाला हात लावू नका. एसएसएल, म्हणजे पत्त्याशेजारचं सुरक्षित साइटचं कुलूप, फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्टचं, थोड्याच दिवसांचं असतं पण होस्टिंगवाले आपोआप पुढचं लावतात, त्याला वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका.

साइट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस एका बटणात बसलं, त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स, तेही फुकट. थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, डेमो म्हणून परदेशी सॅलडचे फोटो होते ते काढण्यातच एक संध्याकाळ गेली.

खरी मजा मराठी मजकुराची. आमच्या लेबलांचा मजकूर प्रेसवाल्याकडे श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टमध्ये तयार होता, तो मागवला, पेस्ट केला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्याच जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, तो फॉन्ट नसला की खालचं उघडं पडतं, वेबला युनिकोड लागतं, ज्यात प्रत्येक अक्षराला स्वतःची ठरलेली जागा असते. कन्व्हर्टर आहेत, वापरला, पण रफार आणि जोडाक्षरं मध्येच हलतात, प्रत्येक ओळ ताडून बघावी लागते. शेवटी सासूबाईंना म्हटलं आई तुम्ही सांगा, मी फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग लावते. त्यांनी आमसुलांची अख्खी रीत सांगितली, फळ फोडायचं, बी आणि गर वेगळा करायचा, सालं रसात बुडवून उन्हात टाकायची, परत रसात, परत उन्हात, आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत. तेच थोडं नीट करून पानावर टाकलं, आता ते पान लोक सगळ्यात जास्त वाचतात. लेबलवरचा "शुद्ध व दर्जेदार" वाला मजकूर कुणी बघत पण नाही.

आणि हो, अनुस्वार! हेडिंगमध्ये "आमसुलं" लिहिलं की वरचा अनुस्वार कापलेला, "आमसुल" दिसायचं, मालवणीच्या वेलांटीचंही डोकं उडालेलं. थीम इंग्रजीसाठी केलेली, दोन ओळींमधली जागा इतकी कमी ठेवलेली की आपल्या मात्रा-वेलांट्यांना वर जागाच नाही. कस्टमाइजमध्ये लाइन हाइट १.६ केली आणि 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट लावला, गूगल फॉन्ट्सवर आहे, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या लोकांनी केलेला, तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं. हे एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो नवऱ्याने काढले, ट्यूबलाइटखाली. आईंनी बघितले आणि एवढंच म्हणाल्या, "गो, आगळाचो रंग असो नसता." खरंच काळपट दिसत होतं. मग सकाळी पडवीत पांढऱ्या पंचावर काचेचा ग्लास ठेवून परत काढले, उजेड मागून येईल असे, तेव्हा तो लालभडक रंग आला. फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच चढवला तर आमच्याकडच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, म्हणून स्क्वूश नावाच्या फुकट टूलमध्ये रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी ह्या हलक्या फाइलप्रकारात सेव्ह केले, दीडशे केबीच्या आत आले आणि डोळ्याला फरक काही नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पोस्टेजने. फोनवर काय व्हायचं, गिऱ्हाईक म्हणणार दोन बाटल्या आणि पावशेर आमसुलं, आई म्हणणार ठाण्याला ना, मग एवढे द्या. हा हिशोब त्यांच्या डोक्यात, तो वूकॉमर्सला कसा सांगायचा? प्रत्येक वस्तू पॅकिंगसकट काट्यावर ठेवून वजन लिहिलं, मग दोन शिपिंग क्लास केले, जड म्हणजे बाटल्या आणि हलकं म्हणजे बाकी सगळं. मग झोन, म्हणजे दराचे भाग: सिंधुदुर्ग आणि आसपास, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा, आणि बाकी भारत. झोनमध्ये पिनकोड ४१६५* आणि ४१६६* असे लिहिता येतात, पुढचे आकडे काहीही असले तरी चालतात. ४१६५ मध्ये गडहिंग्लज-चंदगडकडचेही पिन येतात पण तिकडे दर तोच ठेवलाय, ठीक आहे. आणि झोनचा क्रम महत्त्वाचा, वूकॉमर्स वरून खाली बघत येतो आणि पहिला जुळेल तोच लावतो, म्हणजे महाराष्ट्र वर आणि सिंधुदुर्ग खाली ठेवलात तर सावंतवाडीच्या माणसालाही मुंबईचाच दर लागणार. छोटा झोन नेहमी वर.

पेमेंट गेटवेवाल्यांनी, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने, आमचा अर्ज आधी परत पाठवला, का तर साइटवर रिफंड, शिपिंग, प्रायव्हसी, टर्म्स आणि पत्ता-फोनचं पान पाहिजे. ह्यांचे तयार नमुने नेटवर ढिगाने मिळतात पण रिफंडचं पान स्वतः लिहा असं माझं मत. नमुन्यात लिहिलेलं असतं सात दिवसांत माल परत करा, उघडलेली आगळाची बाटली परत घेऊन मी काय करू? आम्ही सरळ लिहिलं, खाण्याचा माल परत घेत नाही, बाटली फुटून किंवा गळून आली तर पार्सल उघडतानाचा फोटो पाठवा, दुसरी पाठवू. पास झालं. गेटवेचं कमिशन साधारण दोन टक्के आणि वर त्यावर १८ टक्के जीएसटी, किंमत ठरवताना धरून ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर तळाला टाकला. राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते, आमची गोव्यातल्या दुकानांमुळे आधीच होती, तुमची नसेल तर सीएला विचारूनच बाहेरची ऑर्डर चालू करा.

ऑर्डरचे ईमेल मात्र स्पॅममध्ये जायचे, होस्टिंगच्या साध्या मेलवर भरवसा नसतो, एसएमटीपीचं प्लगइन (मेल खऱ्या ईमेल खात्यातून पाठवणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकून आमच्याच ईमेलवरून पाठवायला लावले मग इनबॉक्समध्ये यायला लागले.

आता ऑर्डरी येतात, अगदी धो धो नाही, जुनी माणसं अजून फोनच करतात आणि आईंना तेच बरं वाटतं. पण आगळ-सरबताचे फोन खरंच कमी झाले, कारण बाटलीच्या नावाखालीच लिहिलंय "खारट आहे, सोलकढीसाठी". सध्या अडलंय ते ओल्या काजूगरांवर, मिळतात फेब्रुवारी ते एप्रिलच आणि लोक जूनमध्ये मागतात, तेव्हा पैसे न घेता फक्त नाव नोंदवायचा फॉर्म कसा लावायचा ते बघतेय. कुणी केलं असेल तर सांगा, फुकटातलं प्लगइन हवं.