खडबडीत धातू आणि हाड

मावशीच्या खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी वाशीतल्या डॉक्टरांनी मांडीच्या हाडात सिमेंटशिवाय बसवायच्या टायटॅनियमच्या दांड्याचा नमुना आम्हाला पाहायला दिला. त्याचे खालचे टोक गुळगुळीत होते. वरचा भाग मात्र बोटाला बारीक पॉलिश पेपरसारखा लागत होता, आणि खरी करामत तिथेच आहे: अशा खडबडीत पृष्ठभागाला हाड धरून वाढते.

टायटॅनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि हाडाचा संबंध प्रत्यक्षात या थराशी येतो. १९५० च्या दशकात स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांनी सशांच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे काढू म्हटले तरी निघेनात, तेव्हा हाड टायटॅनियमला थेट जुळते हे त्यांच्या लक्षात आले. आता दातांच्या इम्प्लांटवर बारीक कणांचा मारा करून ते आम्लात बुडवतात, तर खुब्याच्या अनेक दांड्यांवर हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूच्या, झोतातून फवारतात. हा लेप फार जाड झाला तर तडकून सुटू शकतो.

माहितीपत्रकांत लेपाचेच कौतुक फार असते. प्रत्यक्षात दांडा पहिल्या दिवसापासून घट्ट बसलेला लागतो. हाड आणि धातू यांच्यातली हालचाल साधारण १५० मायक्रोमीटरच्या पुढे गेली, तर लेप कितीही उत्तम असला तरी तिथे हाडाऐवजी तंतुमय, म्हणजे व्रणासारख्या मऊ, ऊती तयार होतात.