आमची वाटचाल: तक्ता काढतो तो पाचवा रकाना

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी हजेरी-पगाराचं काम पाहायचो. ऑडिट जवळ आलं की ऑर्गनायझेशन चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली ते दाखवणारा तक्ता, माझ्याच गळ्यात पडायचा. एक्सेलमध्ये हातानं चौकोन काढायचे, रेघा जुळवायच्या. मोल्डिंगचा एक सुपरवायझर बदलला की त्याच्याखालची सगळी माणसं पुन्हा सरकवायची. एका वर्षी सोडून गेलेल्या माणसाचं नाव तक्त्यावर तसंच राहिलं आणि ऑडिटरनं शेरा मारला. तो शेरा मला फार लागला. त्याच आठवड्यात मी मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, शिकायला बसलो.

पुढे नोकरी सोडली. टिळकवाडीत घराच्या पुढच्या खोलीत मी आणि धाकटी बहीण, दोघांनी काम सुरू केलं. आज उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी इथले कारखाने आमच्याकडून तक्ते करून घेतात.

आमची पद्धत साधी आहे. गिऱ्हाइकानं चौकोनाला हात लावायचाच नाही, फक्त यादी भरायची: कर्मचारी क्रमांक, नाव, हुद्दा, विभाग आणि पाचव्या रकान्यात वरिष्ठाचा क्रमांक. तो रकाना ज्याचा रिकामा, तो सगळ्यात वरचा. तिथून मॅक्रो खाली उतरतो, प्रत्येकाच्या हाताखालची माणसं शोधतो. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, त्याला डावीकडून पुढची जागा मिळते आणि साहेब आपल्या माणसांच्या बरोबर मध्यावर बसतो. एक्सेलच्या आयताला रेघ जोडायच्या चार जागा असतात, १ वर आणि ३ खाली. साहेबाच्या ३ पासून हाताखालच्याच्या १ पर्यंत कनेक्टर, म्हणजे चौकोनाला चिकटणारी रेघ, जोडला की चौकोन हलवला तरी रेघ त्याच्यासोबत जाते. एक्सेलमधली तयार आकृत्यांची सोय, स्मार्टआर्ट, तीही वापरून पाहिली. २०१० च्या आवृत्तीपासून ती मॅक्रोतून चालवता येते, पण माणसं वाढली की त्यातली अक्षरं बारीक होत जातात. म्हणून आम्ही आपले चौकोन आपणच काढतो.

वरिष्ठाचं नाव न घेता क्रमांक का घेतो, हे पहिल्याच कामात कळलं. सुरुवातीला आम्ही नावच घ्यायचो. त्या कारखान्यात पाटील पाच होते, त्यातल्या दोघांचं पहिलं नावही एकच. मशीन शॉपची अख्खी शिफ्ट स्टोअरच्या पाटलांखाली जाऊन बसली. तेव्हापासून क्रमांकाशिवाय आम्ही यादी घेत नाही.

दुसरा धडा मच्छेच्या एका कारखान्यात मिळाला. मॅक्रो चालवला की एक्सेल अडकायचं आणि शेवटी स्टॅक, म्हणजे मॅक्रोसाठी राखलेली मेमरी, संपल्याचा संदेश यायचा. रात्री यादी ओळीनं तपासली, तर उत्पादनप्रमुखापुढे गुणवत्ताप्रमुखाचा क्रमांक आणि गुणवत्ताप्रमुखापुढे उत्पादनप्रमुखाचा. मॅक्रो त्या दोघांतच फिरत राहिला होता. सकाळी मालकांना दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "चूक यादीत नाही हो, आमच्याकडं खरंच असंच चाललंय." त्यांनी दोघांना समोर बोलावून कोण कोणाला विचारणार ते तिथंच ठरवलं. आता तक्ता काढण्याआधी आमचा मॅक्रो अशी वर्तुळं शोधतो आणि त्या ओळी लाल करतो.

भाषेचं काम मला सगळ्यात जवळचं. आमच्याकडे ऑफिसचा तक्ता इंग्रजीत चालतो, पण शॉप फ्लोअरवर कोणी मराठी वाचतं, कोणी कन्नड. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, कन्नडचंही तेच. सेलमध्ये मात्र दोन्ही लिप्या नीट राहतात. म्हणून आम्ही कोडमध्ये एकही मराठी शब्द लिहीत नाही, नाव आणि हुद्दा थेट सेलमधून चौकोनात उचलतो. फाँट निर्मला यूआय ठेवला की दोन्ही लिप्या चालतात. यादीत तीन भाषांचे तीन रकाने असतात, भाषा निवडली की तोच तक्ता त्या भाषेत उभा राहतो. कन्नड नावं बहीण स्वतः त्या त्या माणसाला विचारून लिहिते, कारण आपलं नाव भिंतीवर चुकीचं लागलेलं कोणालाच बरं वाटत नाही.

२०२२ पासून मेलनं आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल आपणहून अडवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर खूण करावी लागते. ते फोनवर सांगण्यापेक्षा पहिल्या वेळी मी स्वतःच जाऊन बसतो.

सध्या छपाईचं काम हातात आहे. तीनशे माणसांचा तक्ता ए-थ्री कागदाच्या एका पानावर बसवला तर नावं वाचता येत नाहीत. म्हणून विभागवार पानं आपोआप तुटावीत आणि प्रत्येक पानावर वरचा साहेब पुन्हा दिसावा, एवढं जमवतो आहोत. निपाणीच्या गिऱ्हाइकाला ते याच महिन्यात द्यायचंय.