टाकी बांधायला निधी मिळतो, पंप चालवायला मिळत नाही

गावात पाण्याची नवी टाकी उभी राहते, घरोघर नळ पोचतात आणि काही वर्षांतच पाणी पुन्हा दोन-तीन दिवसांआड येऊ लागतं. ग्रामपंचायतीकडे पैसाच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक ठिकाणी खात्यात पैसा असतो, पण तो कशावर खर्च करायचा हे वरून ठरून आलेलं असतं.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधीच घ्या. २०२१-२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, होता: ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी असते, त्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या पगाराचा भार मुख्यतः ग्रामनिधीवर, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीवर येतो.

रोजचा खर्च एकदा मांडून बघा. साडेसात अश्वशक्तीचा पंप दिवसाला सहा तास चालला तर महिन्याला हजार युनिटच्या आसपास वीज लागते. एक लाख लिटर पाण्याला साधारण ५०० ग्रॅम टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) लागते, आणि ती ओल धरलेली, जुनी असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, मग पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहणारी ओटी टेस्ट निगेटिव्ह येते. यातलं काहीही पुढच्या हप्त्यापर्यंत थांबत नाही. निधी मात्र हप्त्यानेच येतो, तोही लेखे ऑनलाइन भरलेले असतील तर. पथदिव्यांची बिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याची मुभा २०२१ मध्ये राज्य सरकारने दिली तेव्हा अनेक सरपंचांनी विरोध केला. त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण विकासकामांचाच पैसा बिलात जाणार होता.

मग स्वतःचं उत्पन्न का वाढत नाही? इथे राजकारण येतं. कर आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. ती झाली की पत्र्याच्या घराच्या जागी उभा राहिलेला स्लॅब नोंदीवर येतो आणि पट्टी वाढते. प्रभागात मतदार असतात काही शे, त्यात एका भावकीची मतं फिरली तरी जागा जाते. त्यामुळे फेरआकारणी पुढच्या बॉडीवर ढकलली जाते. कराचं बिल मिळूनही तीन महिन्यांत न भरणारा सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे अपात्र ठरू शकतो. म्हणून इच्छुकांची थकबाकी अर्ज भरण्याच्या आठवड्यात बरोबर जमा होते, बाकी गावाची तशीच राहते. दाखला हवा तर आधी पट्टी भरा, असं अडवून केलेली वसुली ही खरी वसुली नव्हे, असं माझं ठाम मत आहे. ज्याला दाखला लागत नाही तो वर्षानुवर्षं भरतच नाही.

शहरांतही दुखणं हेच, फक्त आकडे मोठे. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर महापालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून झाल्या. ही भरपाई २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढते. कायद्यात तसं लिहिलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण शहराची बाजारपेठ वाढली म्हणून महापालिकेला जादा काही मिळत नाही. हाताशी उरतो तो मुख्यतः मालमत्ता कर, आणि सवलतीची घोषणाही त्यावरच होते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर २०२२ मध्ये माफ झाला. घोषणा मंत्रालयातून झाली, उत्पन्न मात्र पालिकेचं घटलं.

त्याच वर्षी मुदत संपलेल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ६ मे २०२५ ला. संविधान पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगतं. शिवाय वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतं, त्यामुळे प्रशासकाच्या काळात पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांचा वाटा अडकला. लोकांचं प्रतिनिधित्व गेलं आणि त्यासोबत पैसाही.

पुढच्या ग्रामसभेत जाणार असाल तर वसुलीची टक्केवारी विचारू नका. नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, मागा आणि तीन आकडे वेगवेगळे वाचून घ्या: मागील थकबाकी, चालू मागणी, प्रत्यक्ष वसुली. टक्केवारी फक्त चालू मागणीवर काढली की ती गोंडस दिसते. त्यानंतर नमुना ८ वरची, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीतली, शेवटच्या फेरआकारणीची तारीख विचारा. पाणीपट्टीचं येणं आणि पाणी योजनेचा वर्षाचा खर्च, म्हणजे वीज, पगार, टीसीएल आणि दुरुस्ती, शेजारी शेजारी लिहायला सांगा. फरक किती आहे तो इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि तो कशातून भरला जातोय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्याच सभेत विचारा.