काळं पडलेलं आतडं

परभणीला इंटर्नशिप करत असताना एक बैल आला होता, आतड्यात आतडं शिरलेला. सर म्हणाले, "रंग बघ. काळं ते काप, गुलाबी ते जोड." मी दीडेक फूट कापलं. बैल वाचला आणि रंगाचा तो नियम माझ्या डोक्यात पक्का बसला.

आता नॉर्थ कॅरोलायनातल्या एका प्रयोगशाळेत मी डुकरांच्या आतड्यावर काम करतो. आईला अजून पटलेलं नाही. "एवढं शिकून डुकरंच का रे? उंदीर नाहीत का तिकडं?" आहेत की. 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं एलजीआर-5 या खुणेवरून आतड्यातल्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी, ओळखल्या, त्या उंदरातच. पण उंदराचं आतडं म्हणजे सुतळी. डुकराचं हातात घेतलं की माणसाचंच वाटतं. माणसाच्या आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटला, तर निम्म्याहून जास्त रुग्ण दगावतात. ते का आणि कसं, हे सुतळीवर किती कळणार?

त्या दिवशी भूल दिलेल्या डुकराच्या जेजुनमचे, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचे, छोटे छोटे लूप करून त्यांच्या रक्तवाहिन्या बांधल्या. तासाभरानं पहिला लूप काढला, मग दुसरा, तिसरा. चार तासांनी निघालेला लूप जांभळा-काळा, ओल्या फडक्यासारखा लुळा. डुकराला भुलीतून उठवायचं नसतंच. ते काम झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलत नाही.

स्लाइडवर पाहिलं तर विलाय, म्हणजे आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे, गायब. रक्त खालून वर येतं, त्यामुळे टोकाला ऑक्सिजन आधीच कमी. मरण तिथूनच सुरू होतं. पण तळाचे खड्डे, म्हणजे मूलपेशी जिथं असतात ते क्रिप्ट्स, कुठं कुठं शाबूत दिसत होते. ईडीटीए या रसायनाच्या थंडगार द्रावणात तुकडे हलवून ते सुटे केले. निरोगी तुकड्याचे हातमोज्याच्या बोटांसारखे निघाले, चार तासवाल्याचा नुसता चुराडा. तरीही बर्फावरच्या मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या जेलीत, मिसळून थेंब टाकले. मॅट्रिजेल म्हणजे डोक्याला ताप: जरा ऊब लागली की पिपेटमध्येच घट्ट होतं. माझं एकदा झालंच. अर्धे क्रिप्ट्स तिथंच गेले.

तिसऱ्या दिवशी निरोगी थेंबांत गोल बुडबुडे, काहींना कोंबही. चार तासवाल्यांत काळा कचरा. मी वहीत लिहिलं, 'मृत', आणि प्लेट टाकायच्या ढिगात ठेवणार, तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "मीडियम बदल आणि ठेव. घाई कसली आहे?"

सहाव्या दिवशी सकाळी कचऱ्यातच एक पारदर्शक बुडबुडा दिसला. कडेला पेशींची एकच ओळ, स्वच्छ. शेजारच्या थेंबात आणखी दोन. एरवी झपाट्यानं विभागणाऱ्या एलजीआर-5 वाल्या पेशी अशा माऱ्यात आधी मरतात. हॉप-एक्स ही खूण असलेल्या संथ, राखीव पेशी तग धरतात, हे मी वाचलेलं होतं. आमच्या बुडबुड्यात त्याच होत्या का, हे रंग देऊन बघायचं अजून बाकी होतं. पण काळ्याकुट्ट तुकड्यातून काहीतरी उगवलं होतं.

वहीतलं 'मृत' खोडलं, बाजूला तारीख टाकली. बाई प्लेट बघत होत्या आणि मी मात्र परभणीच्या त्या बादलीत पोचलो होतो. कापलेलं दीड फूट तिच्यात टाकलं होतं. अर्ध्याच तासात कुत्र्यांनी नेलं होतं.