केवडा समजून हिराकस मारायच्या आधी पान पालथं करून बघा

परवा भावकीतला एक पोरगा उसाचं पान घेऊन घरी आला, म्हणाला दादा केवडा पडलाय, म्हणजे लोह कमी पडून पान पिवळं झालंय, हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) मारू का. पान पालथं केलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. पातं दोन्ही अंगाला हिरवंगार, आणि मधली शीर मात्र हळदीत बुडवून काढल्यागत पिवळी. हेच पान मी चार वर्षांमागं माझ्या रानात बघितलंय.

केवडा वेगळा हो. त्यात कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, रानात लोह कमी मिळतं म्हणून होतं ते, चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकाला, तर हमखास, आणि हिराकसची फवारणी घेतली की पान परत हिरवं धरतं. हा पिवळ्या पानाचा रोग, यलो लीफ म्हणतात तो, व्हायरसचा आहे. आधी मधली शीर पिवळी, मग पान शेंड्याकडून वाळत येतं, वरच्या कांड्या आखूड पडतात आणि शेंड्याला पानांचा झुपका होतो. ऊस सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत काही दिसतच नाही, हीच खरी गोम आहे. मोझॅकही व्हायरसच, पण त्यात कोवळं पान उजेडाला धरलं की गडद-फिकट हिरव्या ठिपक्यांची नक्षी दिसते.

माझी चूक सांगतो. सुरूची म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली लागण होती, जात को ८६०३२, आणि बेणं (लावायच्या उसाच्या कांड्या) आणलं पाहुण्याच्या खोडव्यातलं, कारण फुकट होतं आणि कांड्यांवरचे डोळे चांगले दिसत होते. आठव्या महिन्यात शिरा पिवळ्या पडल्या. एका दुकानदारानं व्हायरसवरचं औषध म्हणून बाटली दिली, दोन फवारण्या घेतल्या, वर युरियाही टाकला, फरक शून्य. तरी मी त्याचा खोडवा ठेवला, आणि खोडव्यात फुटवे आले पण ऊस काही जाड झाला नाही, एकेक बेट बघवत नव्हतं.

नंतर कळलं की व्हायरस उसाच्या आत अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत बसलेला असतो, त्याला मारणारं औषधच नाही. कांडीतला रोग उगवणाऱ्या प्रत्येक रोपात जातो, तिथून मावा ही रस शोषणारी बारीक कीड तो शेजारच्या उसात नेते. म्हणून माव्यावर लक्ष ठेवायचंच, पण मावा मारला म्हणून लागलेला ऊस बरा होत नाही. लागणीआधी कांड्या औषधात बुडवतात त्या बेणेप्रक्रियेचंही तसंच, बुरशी आणि खवले कीड यासाठी ती जरूर करा, व्हायरस त्यानं जात नाही. गरम पाण्याच्या प्रक्रियेनंही हा रोग जात नाही.

मग उपाय काय, तर बेणं. उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला नव्यानं तयार होणाऱ्या पेशी असतात, तिथवर व्हायरस सहसा पोचलेला नसतो, तेवढाच बारीक तुकडा घेऊन टिश्यू कल्चरची रोपं करतात आणि ती तपासून देतात. त्या रोपांपासून मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित बेणं, अशा तीन पायऱ्या. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, दोन्हीकडं चांगलं बेणं मिळतं, फक्त आधी नंबर लावायला लागतो. बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं, नव्यानं लावलेल्या उसाचंच घ्यायचं, खोडव्याचं कधीच नाही, आणि तीन-चार वर्षांनी बदलायचं. रानाला पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही, ताण पडलेल्या उसावर हा रोग जास्त उठून दिसतो.

मी आता आठ गुंठ्यांचा बेणेमळा वेगळा ठेवलाय, मोठ्या उसापासून लांब, विहिरीच्या कडंला. दर पंधरा दिवसांनी सरी-सरीनं फिरतो, पानं पालथी करून बघतो. मागच्या फेरीत दोन बेटं संशयास्पद वाटली, बायको म्हणाली अजून नीट कळत नाही, थांबूया. मी थांबलो नाही, दोन्ही बुडख्यासकट खणून काढली. त्या पोरालाही हेच सांगितलं, की या उसाचं बेणं कुणाला देऊ नको, खोडवा ठेवू नको, आणि हिराकसचे पैसे टिश्यूच्या रोपांना ठेव. उद्या त्याच्याबरोबर रोपांचा नंबर लावायला जातोय.