आमची वाटचाल : हवेचा हिशेब

सोलापुरात वडिलांच्या ठेकेदारीत वाढल्यामुळे काँक्रीटमधली हवा हा दोष असतो आणि व्हायब्रेटर ती काढण्यासाठीच लावतात, एवढेच मला ठाऊक होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, 1909 मध्ये काँक्रीट रस्त्याचा पहिला मैल बांधला गेला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मंदीच्या दिवसांत, आम्ही त्याच शहरालगत चार माणसांनिशी फरसबंदीची कामे घेऊ लागलो.

पहिल्याच मोठ्या कामात, एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, पृष्ठभाग लवकर सुकतो आहे असे पाहून आमच्या माणसांनी त्यावर पाणी शिंपडून थापी फिरवली. गावाकडे घट्ट झालेल्या काँक्रीटवर पाणी मारणे हे पुण्यकर्म. ओल्या काँक्रीटच्या अंगात ते जिरवणे मात्र घातक. मार्चपर्यंत वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटला आणि ते काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केले.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. मिशिगनमध्ये ते दुपारी वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि फुगायला जागा मिळाली नाही तर काँक्रीट आतून फुटते. म्हणून मिश्रणात रसायन घालून डोळ्यांना न दिसणारे असंख्य बुडबुडे मुद्दाम तयार करतात. सिमेंटच्या लगद्यातील कोणताही बिंदू जवळच्या बुडबुड्यापासून साधारण 0.2 मिलिमीटरच्या आत असावा लागतो. 1930 च्या दशकात सिमेंट दळताना मिसळलेल्या चरबीमुळे काही रस्ते अधिक टिकल्याचे आढळले आणि हा शोध लागला, हे वाचून मी बराच वेळ हसलो होतो. हवा फुकट मात्र मिळत नाही: दर एक टक्का हवेमागे ताकद सुमारे 5 टक्क्यांनी घटते. ती भरून काढण्यासाठी आम्ही पाणी व सिमेंटचे प्रमाण 0.42 वर आणले.

पुढे फरसबंदीच्या तुकड्यांमधले सांधे खचू लागले. कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइडचे बर्फ वितळवणारे क्षार सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून सांधे पोखरतात, आणि त्यासाठी गोठणबिंदूही गाठावा लागत नाही. तेव्हापासून आम्ही सिमेंटचा काही भाग वगळून त्याजागी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून, वापरतो.

आता काँक्रीट घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या मिश्रणातली हवा मीटरवर मोजली जाते. गेल्या ऑक्टोबरात एका गाडीत हवा 3.8 टक्के निघाली. आम्हाला 6 हवी होती. गाडी परत पाठवली, आणि दिवसाची मजुरी आम्ही सोसली.